आधी रुई, मग तेल

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंची काळी पायमशीन दहा वर्षांनी अडगळीतून काढली, जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली, आणि आता चाक जड फिरतं, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. मेकॅनिक म्हणाला शटल (सुईखाली झुलत वरचा-खालचा दोरा गुंफणारा भाग) बदला, नाहीतर भंगारात घाला. भंगारात अजिबात घालू नका. ही मशीन सगळी लोखंडाची आहे. अशा मशिनी सहसा झिजून बंद पडत नाहीत, रुईने, म्हणजे कापडाच्या सुटलेल्या तंतूंनी, आणि गोठलेल्या तेलाने अडतात.

टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, स्क्रूला अजून हात लावू नका. तेलही लगेच घालू नका. रुईवर तेल पडलं की त्याचा लगदा होतो आणि तो आणखी आत जाऊन बसतो. बहुतेक जणी इथेच चुकतात.

सुई आणि कापड दाबणारा पाय काढा, सुईखालच्या प्लेटचे दोन स्क्रू काढा आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांत बघा. जुन्या सुती साड्या फार रुई सोडतात. ती दाबली जाऊन नमद्यासारखी घट्ट पट्टी होते. दाभणाने हळूच उचकटलीत तर अखंड निघते. माझ्या मशीनमधून निघालेल्या पट्टीत तळाला हिरवा थर होता, त्यावर जांभळा, वर पांढरा. कोणती गोधडी कधी शिवली ते त्यात वाचता येत होतं. ही पट्टी असली की दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही आणि टाका बारीक पडतो. आपण मात्र कापड हाताने ओढत राहतो, त्यात सुई वाकते.

मग शटल. चाक आपल्याकडे फिरवून सुईचा दांडा सगळ्यात वर घ्या, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) काढा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या वळवून शटल धरून ठेवणारं कडं सोडवा. शटल उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, परत बसवताना लागतो. ज्या गोल खोबणीत शटल झुलतं तिथे दोऱ्याचा एखादा तुकडा अडकलेला असतोच. रंगकामाच्या जुन्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, वाफेचा ओलावा आत जातो आणि गंज धरतो.

आता जडपणा. सासूबाईंनी खोबरेल घातलं असेल का, विचारून बघा. आमच्याकडे घालायचे आणि मीही घालत होते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि वर्षानुवर्षांची धूळ खाऊन त्याची लाखेसारखी चिकट पुटं होतात. एका डिसेंबरात माझं चाक दोन्ही हातांनी हलेना. तेलाच्या भोकांत आणि मशीन उलटी करून खालच्या सांध्यांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले, अर्धा तास थांबले, दोरा न ओवता मशीन चालवली. तपकिरी रस गळायला लागला. पुसायचं, परत सोडायचं. तिसऱ्या खेपेला चाक बोटाने फिरलं. हे काम खिडक्या उघडून आणि गॅसपासून लांब करा. रॉकेलने सांधे कोरडे पडतात, म्हणून त्याच दिवशी पांढरं मशीनचं तेल घाला, प्रत्येक भोकात एकच थेंब, आणि एक शटलच्या खोबणीत. सोनेरी नक्षीवर थिनर किंवा स्पिरिट लावू नका, नक्षी निघून येईल. चामड्याच्या पट्ट्यालाही तेल लागू देऊ नका, घसरतो.

खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो, बॉबिनमुळे नाही. कापड दाबणारा पाय वर उचला, म्हणजे टेन्शनच्या चकत्या सैल होतात; त्यांच्यामधून सुती कापडाची दुहेरी पट्टी दोन-तीनदा ओढा. दोराही पाय वर असतानाच ओवा, नाहीतर तो चकत्यांमध्ये बसतच नाही.

सुई नवी घाला. गोधडीच्या जाड थरांना 18 नंबरची, टाका मोठा, आणि माझ्या मते एका गोधडीला एक सुई हा हिशोब ठेवावाच. सुईची लांब खाच ज्या बाजूला, तिकडूनच दोरा ओवायचा. सुई उलटी बसली की मशीन टाके सोडते आणि लोक शटलला दोष देतात. एवढं सगळं करूनही टाके सुटले तर शटलच्या टोकावर नख फिरवून बघा. टोक बोथट किंवा खरखरीत लागलं तरच नवं घ्या.

पहिल्यांदा गोधडी लावू नका. चिंध्यांवर टीप मारत राहा, तेलाचा डाग उमटायचा थांबेपर्यंत. आणि मशीन झाकताना कापड दाबणाऱ्या पायाखाली एक सुती चिंधी दाबून ठेवा, रात्रीत उतरलेलं तेल तीच पिते.