मेसा व्हर्डे आणि आईचे गुडघे: जरूर जा, फक्त टूर नीट निवडा

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये आईबाबांना अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे नॅशनल पार्कला न्यावं का, आईचे गुडघे दुखतात, आणि अजिंठा पाहिलेल्यांना तिथे वेगळं काय दिसणार. न्याच. अजिंठ्याला डोंगर पोखरून लेणी केलीत, इथे कपार निसर्गाने केलेली आणि तिच्या पोटात माणसांनी घरं बांधलेली, तीही साधारण 1190 ते 1280 च्या दरम्यान. पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, शेलच्या (पाणी आत न घेणाऱ्या चिखली खडकाच्या) थरावर अडतं, बाहेर पाझरतं आणि थंडीत गोठून खडक फोडत राहतं, अशी ती कपार होते, म्हणजे वर छप्पर आणि कितीतरी ठिकाणी मागच्या भिंतीशीच झरा! क्लिफ पॅलेस या तिथल्या कपारीतल्या वस्तीत तर दीडशेच्या आसपास खोल्या आणि वीसेक किव्हा आहेत, किव्हा म्हणजे जमिनीत खोल बांधलेल्या गोल खोल्या, धार्मिक कामांसाठीच्या.

आता गुडघ्यांचं. बाल्कनी हाऊस ही अशीच दुसरी वस्ती आईसाठी नकोच, 32 फुटी शिडी आहे आणि पुढे 18 इंच रुंद बोगद्यातून रांगत जायचं. क्लिफ पॅलेसलाही शिड्या आणि उंचसखल दगडी पायऱ्या आहेतच, त्यात पार्क 7,000 फुटांवर, दम लागतो. तुम्ही नि बाबा रेंजरबरोबर टूर करा (तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्हवर 14 दिवस आधी कोलोरॅडोच्या सकाळी 8 ला उघडतात, जुलैत पटापट जातात, तेव्हा अलार्म लावून बसा), आणि आईला मेसा टॉप लूप या पठारावरच्या रस्त्याने गाडीतून फिरवा. सन पॉइंटवरून एकाच जागी उभं राहून समोरच्या कड्यात कितीतरी घरं दिसतात, दुर्बीण मात्र न्याच.

टूरमध्ये भिंती जवळून बघा, हात न लावता. दोन दगडांमधल्या मातीत बारीक दगडाच्या कपच्या दाबून बसवल्यात आणि काही ठिकाणी त्या मातीत बोटांचे ठसे अजून आहेत, मला तर ते अख्ख्या क्लिफ पॅलेसपेक्षा मोठे वाटतात.

आणि "ही माणसं गूढरीत्या गायब झाली" असं कुणी सांगितलं तर कृपया पुढे पसरवू नका. 1276 पासून वीसेक वर्षं मोठा दुष्काळ पडला, त्यात इतरही ताण होते, लोक दक्षिणेकडे गेले, आणि होपी, झुनी, अकोमा वगैरे प्युब्लो आदिवासी, म्हणजे त्यांचे वंशज, आज तिकडे दक्षिणेतच राहतायत. ही त्यांच्या पूर्वजांची घरं आहेत, म्हणून खापराचा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही, कायद्यानेही तो गुन्हा आहे.

वेळ असेल तर तिथून दीडेक तासावर न्यू मेक्सिकोतलं अॅझ्टेक रुइन्स नक्की जोडा (अॅझ्टेक लोकांशी काही संबंध नाही, नाव उगाच पडलंय). तिथे 1934 मध्ये पुन्हा उभारलेली मोठी किव्हा आहे, काही पायऱ्या उतरल्या की आत निवांत बसता येतं आणि बाकीची वाट छोटी नि बरीचशी सपाट आहे, आईला झेपेल. मेसा व्हर्डेच्या गेटपासून मुख्य अवशेषांपर्यंत घाटातून पाऊण तास लागतो, तेव्हा पेट्रोल जवळच्या कॉर्टेझ गावातच भरा आणि पाणी भरपूर घ्या.