नळाला दहा गुण: परदेशी मदत आणि बायकांचा हिशेब

प्रश्न: देणगीदार देश आता स्वतंत्र प्रकल्प काढण्याऐवजी नेपाळसारख्या देशांच्या सरकारी अंदाजपत्रकातच पैसा घालतात, असं वाचलं. मग स्त्रियांच्या हक्कांचं कोण बघणार?

मदत देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात ठरलं की धोरण मदत घेणाऱ्या देशाने ठरवावं आणि पैसा त्याच्याच यंत्रणेतून जावा. त्यात स्त्री-पुरुष समानतेचा उल्लेख जेमतेम होता. 2008 मध्ये आक्रा (घाना) आणि 2011 मध्ये बुसान (दक्षिण कोरिया) इथल्या पुढच्या परिषदांत स्त्री संघटनांनी रेटा लावला, तेव्हा कुठे तो ठळक झाला. पण कागद काहीही म्हणो, 'देशाची मालकी' व्यवहारात अर्थ मंत्रालयाची मालकी होऊन बसते. म्हणून महिला मंत्रालयाच्या धोरणाआधी अर्थ मंत्रालयाचं अंदाजपत्रक परिपत्रक (अंदाजपत्रक कसं भरायचं याच्या सूचना) मागवून वाचा. त्यात स्त्रियांसाठी रकाना नसेल, तर बाकीची भाषणं ऐकून सोडून द्या.

नेपाळने हा रकाना 2007-08 पासून ठेवला. मूळ पद्धतीत प्रत्येक कार्यक्रमाला शंभरपैकी गुण देतात: आखणी व अंमलबजावणीत सहभागाला 20, क्षमतावाढीला 20, लाभ व त्यावरच्या ताब्याला 30, रोजगार-उत्पन्नाला 20 आणि कामाचा बोजा घटवण्याला 10. पन्नासच्या वर गेला की तो 'प्रत्यक्ष' स्त्री-अनुकूल, 20 ते 50 मध्ये 'अप्रत्यक्ष', त्याखाली 'तटस्थ'.

एक नळयोजना घेऊ. पाण्याची पायपीट थांबली, बोजाचे पुरते 10. लाभाचे समजा 20. बेरीज 30, म्हणजे 'अप्रत्यक्ष'. उपभोक्ता समितीत (योजना राबवणाऱ्या लाभार्थी गावकऱ्यांच्या समितीत) 33 टक्के बायका आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी एका पदावर बाई हा तिथला नियमच आहे. तो खरोखर पाळला तर सहभागाचे 15 मिळू शकतात. नळदुरुस्तीचं पगारी काम बायकांना दिलं तर आणखी 10. झाले 55! पाइप तेच आणि पाणी तेच, फक्त योजना कागदावर उतरताना दोन निर्णय झाले.

गडबड इथेच होते. गुण आखणीच्या बैठकीत न देता शेवटच्या आठवड्यात लेखा विभागातला माणूस संगणकात भरतो. तेव्हा योजना ठरून गेलेली असते, त्यामुळे गुण योजनेला वळण लावत नाहीत, फक्त तिच्यावर शिक्का मारतात. तपासायचं असेल तर बेरीज मागू नका, पाचही रकान्यांची फोड मागा. सगळीकडे गोल आकडे दिसले की समजावं, गुण अंदाजाने ठोकलेत.

प्रश्न: देणगीदारांच्या अहवालात चाळीस टक्क्यांहून जास्त मदत 'समानतेसाठी' दाखवतात. खरं मानावं का?

आकडा खोटा नसतो, मोजण्याची रीत सैल असते. श्रीमंत देशांच्या विकास सहाय्य समितीत प्रत्येक प्रकल्पाला 0, 1 किंवा 2 असा अंक देतात. समानता हाच प्रकल्पाचा मुख्य हेतू असेल तर 2, महत्त्वाचा पण दुय्यम हेतू असेल तर 1. आता 100 कोटींच्या रस्त्याला 1 मिळाला की बेरजेत अख्खे 100 कोटी धरले जातात, बायकांसाठीचं काम त्यात दोन कोटींचं असलं तरी. 2020-21 च्या सरासरीत समानतेचा हेतू असलेली मदत 44 टक्के होती, पण 2 अंकाची फक्त 4 टक्क्यांच्या आसपास. आम्ही तरी हा 4 टक्क्यांचा आकडाच आधी बघतो.

प्रश्न: आमची छोटी संस्था नेपाळमधल्या महिला गटांबरोबर काम करते. पालिकेत नेमकं कधी आणि कुणाकडे जायचं?

वैशाख 10 ते असार 10. (नेपाळी सौर महिने; आपल्या पंचांगाशी गल्लत नको. साधारण 23 एप्रिल ते 24 जून.) वैशाख 10 पर्यंत खर्चाची मर्यादा ठरवायची असते, मग ती वॉर्डांना कळवतात, असार 10 पर्यंत अंदाजपत्रक सभेत मांडायचं असतं. मर्यादा उशिरा आली की वस्ती-पातळीच्या बैठका दोन-चार दिवसांत उरकतात, त्याही शेतीच्या कामाच्या वेळी, आणि बायका सहीपुरत्या येतात. तेव्हा मागणी वस्तीच्या बैठकीत लेखी द्या आणि ती वॉर्डाच्या यादीत चढली का ते लगेच पाहा. वर गेलेली यादी नंतर उघडत नाही.

बजेट तर्जुमा समितीच्या, म्हणजे अंदाजपत्रक आखणाऱ्या समितीच्या, संयोजक नगरपालिकेत उपप्रमुख किंवा गाउँपालिकेत (ग्रामीण पालिकेत) उपाध्यक्ष असतात. प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षाला त्यांतली एक बाई द्यावीच लागते, म्हणून 2017 मध्ये उपपदांवर नव्वद टक्क्यांहून जास्त बायका निवडून आल्या. प्रमुखाच्या दालनाबाहेर ताटकळण्याऐवजी त्यांना गाठा. प्रत्येक वॉर्डातल्या दलित महिला सदस्यालाही विसरू नका.

आणि शिवणकामाच्या प्रशिक्षणावर समाधान मानू नका. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी जसा शिलाई मशिनांत जिरतो, तसंच तिथेही होतं. प्रशिक्षण मागायचंच तर त्याच ओळीत पुढचं काम कोण देणार हेही लिहून घ्या, शाळेच्या गणवेशाची ऑर्डर असली तरी चालेल.