वय झालेल्या गायक-गीतकाराच्या कार्यक्रमाला जाण्यात अर्थ आहे का?

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका गायक-गीतकाराचा कार्यक्रम मुंबईत होणार आहे, तिकीट महाग आहे आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही असे सगळे सांगतात. अशा वेळी आईवडिलांना तेथे न्यावे की घरीच जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवावीत, असे तुम्ही विचारले आहे. अशा कार्यक्रमांत माणसे रडतात ती गाण्यामुळे की स्वतःच्या आठवणींमुळे, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर सरळ आहे: अवश्य न्या. दुसऱ्याबद्दल मला विस्ताराने लिहावे लागेल, कारण ‘आवाज राहिलेला नाही’ हे वाक्य आमच्या घरातही एकदा बोलले गेले आणि ते माझ्या वडिलांच्या वर्मी लागले.

विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात रविवारी दुपारी तो कार्यक्रम होता. कविता स्वतःची, चाल स्वतःची आणि गळाही स्वतःचा, असे ते गृहस्थ. माझ्या लहानपणी त्यांची गाणी आकाशवाणीवर नेहमी लागत आणि आमच्या घरात ती सगळ्यांना तोंडपाठ होती. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की ते कोणाला आवडतात आणि कोणाला नाही यावरच चर्चा होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. आम्ही चौघे गेलो होतो: अण्णा म्हणजे माझे वडील, मी, माझी थोरली बहीण आणि भाऊजी. अण्णांची सारी नोकरी चर्चगेटला झाली आणि बोरिवलीहून जाताना लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळात ते रोज गात असत. निवृत्तीनंतर सोसायटीच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी त्यांचे गाणे ठरलेलेच असे. भाऊजी रीतसर शास्त्रीय संगीत शिकलेले, विशारद झालेले आहेत आणि त्यांचा कान तयार आहे, हे मी आजही मान्य करते.

पहिल्याच गाण्याला पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, उतरवलेली आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले. जे गाणे आम्ही काळी दोनमध्ये ऐकत आलो होतो, ते त्या दिवशी त्याहून खालच्या पांढरी एकमध्ये सुरू झाले. तार सप्तकात जाणाऱ्या जागा त्यांनी बदलून मध्य सप्तकात आणल्या होत्या. स्वर लांबवताना तो हलत होता. भाऊजींनी दोनदा माझ्याकडे पाहिले. मी दुर्लक्ष केले, कारण तोवर मी गाण्यात गुंतले होते.

तिसरे की चौथे गाणे त्यांच्या ऐन तारुण्यातले होते. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी परत येण्याचे वचन देणारी एक लांब ओळ आहे. मूळ ध्वनिमुद्रणात ती ओळ त्यांनी एका श्वासात म्हटलेली आहे, थेट समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबणारी, आणि ऐकणाऱ्याला तिच्यात शंकेला जागाच सापडत नाही. त्या दुपारी क्रियापदाच्या अलीकडेच त्यांचा श्वास संपला. ते थांबले. तबलजींनी त्यांच्याकडे पाहिले आणि हात हलका करून नुसता ठेका चालू ठेवला. सम निघून गेली. त्यांनी पेटीवरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला, सावकाश श्वास घेतला आणि पुढच्या आवर्तनाच्या मध्यावर तो एकच शब्द जवळजवळ बोलल्यासारखा ठेवला. तरुण माणसाने निघताना दिलेले वचन मी आजवर ऐकत आले होते. त्या दिवशी तेच वचन देणारा माणूस आपल्याला ते पाळता येणार नाही हे जाणून होता, आणि तरीही देत होता. शब्द तेच, चालही तीच. अण्णांनी चष्मा काढला. माझ्या शेजारच्या अनोळखी बाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

मध्यंतरात चहाच्या रांगेत भाऊजी म्हणाले की आता यांनी थांबायला हवे, आवाज राहिलेला नाही, लोक दयेपोटी टाळ्या वाजवतात आणि कलावंताने शिखरावर असतानाच निवृत्त व्हावे. ते अण्णांना उद्देशून बोलले नव्हते, परंतु अण्णा तेथेच उभे होते आणि त्यांचे वयही त्या गायकाच्या आसपासचेच होते. त्या वर्षी सोसायटीची मंडळी गाण्याचे विचारायला आली तेव्हा ‘आता मुलांना गाऊ द्या’ असे सांगून अण्णांनी त्यांना परत पाठवले आणि त्यानंतर ते मंडपात कधीही गायले नाहीत. म्हणून तुमच्या प्रश्नातले ते वाक्य मला नुसते वाचून पुढे जाता आले नाही.

शिखरावर असताना थांबण्याचा नियम क्रिकेटचा आहे. तेथे धाव निघते किंवा निघत नाही. गाण्याला तो नियम कोणी आणि का लावला, हे मला आजवर कोणीही समजावून सांगितलेले नाही. वयाबरोबर आवाज का बदलतो हे सर्वांना ठाऊक आहे: स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता कमी होते, स्वरयंत्रातली कूर्चा कठीण होत जाते आणि एका श्वासात पूर्वीइतकी हवा घेता-सोडता येत नाही. हे शरीराचे आहे, रियाजाची कसूर नव्हे. ज्या गायकीचा सगळा डोलारा तानेच्या वेगावर आणि दमसासावर, म्हणजे श्वास टिकवण्यावर, उभा आहे, तिचे या बदलामुळे नुकसान होते, हे भाऊजींचे म्हणणे मला पटते. भावगीताचे मात्र तसे नाही.

भावगीत मायक्रोफोन आणि रेडिओ यांच्याबरोबर वाढले. संगीत नाटकाच्या काळात नटाचा आवाज यंत्राच्या मदतीशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे. मायक्रोफोन आल्यावर हळू आवाजात, एखाद्याच्या कानाशी बोलल्यासारखे गाता येऊ लागले. गजानन वाटवे यांनी स्वतः चाली बांधून आणि स्वतः गाऊन कविता घराघरांत पोहोचवली, ती याच वाटेने. यशवंत देव (१९२६–२०१८) यांनी तर या गाण्याचे शास्त्रच मांडले. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘शब्दप्रधान गायकी’ आहे आणि त्यात काय सांगितले आहे ते नावातच आले आहे. देव स्वतः कवीही होते. ‘जीवनात ही घडी अशीच राहू दे’ हे लताबाईंनी गायलेले गाणे सर्वांना माहीत असते, परंतु त्याचे शब्द आणि चाल ही दोन्ही देवांचीच आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. जेथे शब्द आधी आणि स्वर त्याच्या सेवेला, तेथे आवाजाची दोन-चार स्वरांची उंची गेली म्हणून गाणे गेले असे म्हणणे चुकीचे आहे. श्वास अपुरा पडल्यावर ओळ कोठे तोडायची हे कळण्यासाठी ती ओळ समजलेली असावी लागते, आणि ज्याने ती लिहिली त्याच्याइतकी ती कोणाला समजणार?

गायक-गीतकाराची गोष्ट नुसत्या गायकापेक्षा वेगळी आहे ती येथे. दुसऱ्याचे गीत गाणारा त्याचा अर्थ लावतो; स्वतःचे गीत गाणाऱ्याला आपल्याच शब्दांना सामोरे जावे लागते. तिशीत लिहिलेली ओळ त्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा म्हणावी लागते आणि मधल्या काळात ती खरी ठरली की खोटी हे त्याला ठाऊक असते. सुधीर फडके यांनी गीतरामायणाच्या ५६ गीतांना चाली दिल्या तेव्हा, म्हणजे १९५५-५६ साली, ते पस्तिशी-छत्तिशीचे होते, आणि पुढे अनेक दशके ते त्याचे कार्यक्रम करीत राहिले. शब्द गदिमांचे असले तरी बाबूजी म्हणजे फडके त्या चालींसोबतच म्हातारे झाले, आणि ज्यांनी त्यांना दोन्ही वयांत ऐकले त्यांच्यापैकी कोणीही उत्तरायुष्यातले गाणे फुकट गेले असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. हे केवळ मराठीपुरते आहे असेही नाही. कॅनडाचे गायक-गीतकार लिओनार्ड कोहेन, जे १९९९ च्या सुमारास अद्वैत सांगणाऱ्या रमेश बाळसेकरांची प्रवचने ऐकायला मुंबईत येऊन राहिले होते, त्यांच्या पैशांचा अपहार झाला आणि त्यांना २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पुन्हा दौऱ्यावर निघावे लागले. आवाज खोल आणि खरखरीत झालेला होता. तीन-तीन तासांचे ते कार्यक्रम २०१३ पर्यंत चालले आणि जगभर माणसे ते ऐकायला गर्दी करीत राहिली. त्यांतल्या सगळ्यांनी दयेपोटी तिकिटे काढली असतील, हे मला मान्य नाही.

आता रडण्याविषयी. आठवणींमुळे येणारे रडू घरीही येते. त्यासाठी जुने ध्वनिमुद्रण पुरेसे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या शेजारच्या बाई कशासाठी रडत होत्या हे मला सांगता येणार नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मला त्या क्षणी माझे लहानपण आठवले नाही, घरातला रेडिओही आठवला नाही. समोरचा माणूस पोहोचू न शकलेल्या समेला तेथेच सोडून पुढे गेला आणि शब्द मात्र त्याने सोडला नाही, एवढेच मी पाहत होते. ध्वनिमुद्रणात हे घडूच शकत नाही, कारण तेथे तो माणूस कायम तिशीतलाच राहतो. तुमच्या आईवडिलांना जे ऐकायला मिळेल ते त्यांच्या स्वतःच्या वयाच्या माणसाचे गाणे असेल, आणि तुमच्यापेक्षा त्यांना ते अधिक कळेल.

अण्णांच्या बाबतीत मी यंदा सोसायटीच्या उत्सव समितीला लेखी कळवले आहे की त्यांना गाण्यासाठी वेळ द्यावा, पट्टी त्यांच्या सोयीची असावी आणि साथीला पेटी व तबला असावा. भाऊजींनाही मी हे सांगितले आहे. त्यांचे मत बदललेले नाही; त्यांनी ते मंडपात मात्र बोलू नये, एवढे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगते. ज्येष्ठ कलावंताच्या नावावर होणारा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्या गाण्याचा असतोच असे नाही. काही ठिकाणी त्यांना खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, भाषणे होतात आणि सगळी गाणी दुसरेच गातात. तसे असेल तर इतके पैसे घालवू नका. काही ठिकाणी आधीच मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर, म्हणजे ट्रॅकवर गायला लावतात, आणि वयस्क गायकाच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही: श्वास घ्यायला थांबलेल्या माणसासाठी तबलजी ठेका धरून थांबतो, ट्रॅक थांबत नाही. त्या दुपारी तबल्यावर माणूस नसता तर मी वर वर्णन केलेली ओळ मोडून पडली असती आणि भाऊजी खरे ठरले असते. मोठ्या मैदानातल्या किंवा बंदिस्त स्टेडियममधल्या कार्यक्रमातही मी वडीलधाऱ्यांना नेणार नाही, कारण आवाज घुमतो, शब्द कळत नाही आणि चालावेही फार लागते. पार्ले, दादर, माटुंगा, बोरिवली येथल्या नाट्यगृहांपैकी एखादे असेल तर मधल्या रांगांतली, कडेची तिकिटे घ्या, म्हणजे गाणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि मध्येच उठावे लागले तरी कोणाला त्रास होत नाही. आयोजकांना आधी फोन करून साथीला प्रत्यक्ष वादक आहेत का आणि ते ज्येष्ठ गायक स्वतः किती गाणी गाणार आहेत, एवढे दोन प्रश्न विचारा.