सुटका आपल्या सहीने होते का?

प्रश्न : ताई, मी ब्रॅम्प्टनला असते, शाळेतून रिटायर झाले, वेळच वेळ आहे. मैत्रीण सांगत होती की इथे कॅनडात साधे नागरिक तुरुंगाच्या आणि पॅरोल ऑफिसच्या कमिटीवर काम करतात, बिनपगारी. मला करावंसं वाटतंय, पण आमचे हे म्हणतात, उद्या तुझ्या सहीने कोणी सुटला आणि परत गुन्हा केला तर?

उत्तर : अहो, तुमची सही कोणी मागतच नाही! पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका, द्यायचा की नाही हे पॅरोल बोर्ड ठरवतं आणि ते तुरुंग खात्यापासून वेगळं आहे. तुम्ही म्हणताय त्या सिटिझन अ‍ॅडव्हायझरी कमिटीला त्यात मत नाही, अर्जदार कैद्याची हरकत नसेल तर सुनावणीला बसून बघता येतं, बस.

मग करायचं काय, तर मुख्य म्हणजे बघायचं. हे ऐकायला फुसकं वाटतं पण तुरुंगाचा प्रत्येक भाग बघायची, स्टाफशी आणि कैद्यांशी बोलायची मुभा तिथल्या नियमांतच दिलीय, आणि बाहेरचं माणूस कधीही येऊन विचारू शकतं म्हटल्यावर आतल्यांना जरा जपून वागावंच लागतं. सत्तरच्या दशकात तिथे तुरुंगांत दंगली झाल्या, मग १९७७ ला संसदेच्या उपसमितीने सगळीकडे अशा कमिट्या हव्यात म्हणून सांगितलं, तुरळक कुठे कुठे त्या आधीही होत्या. सल्ला द्यायचा तो वॉर्डनला, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाला, त्याने ऐकलंच पाहिजे असं नाही, म्हणून जे सांगाल ते लेखी द्या, माझं स्पष्ट मत आहे की तोंडी सल्ला चहाबरोबर संपतो. शिवाय सुटलेल्यांसाठी वस्तीत हाफवे हाऊस, म्हणजे देखरेखीखाली राहायचं घर, निघालं की शेजारी भडकतात, तेव्हा दोन्हीकडचं ऐकून घ्यायला हीच मंडळी लागतात.

आपल्याकडेही तुरुंगांवर अशासकीय सदस्य नेमायचे असतात, २०१५ ला सुप्रीम कोर्टाला त्यासाठी आदेश काढावा लागला, यावरून काय ते समजा.

एक बघून घ्या, या कमिट्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांवर असतात, म्हणजे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षावाले. तुमच्या जवळचं मिल्टनचं मेपलहर्स्ट प्रांताचं आहे, ते यात येत नाही, त्यामुळे पॅरोलवर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पॅरोल ऑफिसची कमिटी तुम्हाला सोयीची. प्रवासखर्च मिळतो, आधी पार्श्वभूमी तपासतात. आणि कोणी कितीही गयावया केली तरी चिठ्ठीचपाटी, निरोप बाहेर न्यायचा नाही, तिथे शिक्षिकेचा कडकपणा कामाला येईल.