घुमटी संरचना कशा घडतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गोल माथ्याच्या प्रत्येक डोंगराला भूवैज्ञानिक घुमट म्हणतात का?

उत्तर : नाही. खडकांचे थर एका मध्यापासून सर्व दिशांना बाहेरच्या बाजूला कललेले असतील, तरच ती घुमटी संरचना ठरते. माथ्याची झीज झाल्यावर मध्यभागी सर्वांत जुने खडक उघडे पडतात व त्यांच्याभोवती क्रमाने नव्या खडकांची कडी दिसतात. त्यामुळे घुमटाच्या जागी प्रत्यक्षात खोलगट जमीनही असू शकते. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील प्रसिद्ध ‘हाफ डोम’ मात्र ग्रॅनाइटचा सुळका आहे; त्याचा या अर्थाने घुमटाशी संबंध नाही.

प्रश्न : जमिनीखाली गाडलेल्या मिठाच्या थरांमुळेही घुमट होतात; पण मिठासारखा मऊ पदार्थ वरचे खडक कसा उचलतो?

उत्तर : मिठाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.२ ग्रॅम असते आणि खोल गाडले गेले तरी ती फारशी बदलत नाही. वरचा गाळ मात्र दाबाखाली घट्ट होत जातो आणि पुरेशा खोलीवर मिठापेक्षा जड होतो. शिवाय मीठ घनरूपात राहूनही अतिशय संथपणे वाहते. तरीही हलकेपणा एवढेच कारण सांगणे मला अपुरे वाटते, कारण वरच्या खडकांनाही स्वतःची ताकद असते. बहुधा वरचा भार असमान असल्यामुळे किंवा भूकवच ताणले जाऊन पातळ झाल्यामुळेच मिठाला वाट मिळते. वर चढणारा मिठाचा स्तंभ भोवतालचे थर वाकवतो आणि त्यांत खनिज तेल अडकून राहते. टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे १९०१ साली उसळलेले तेल अशाच घुमटावरचे होते. इराणच्या झाग्रोस पर्वतात तर मीठ भूपृष्ठावर येऊन हिमनदीप्रमाणे उतारावरून सरकते.

प्रश्न : शिलारसानेही, म्हणजे भूगर्भातील वितळलेल्या खडकानेही, घुमट होतात का?

उत्तर : होतात. थरांमध्ये घुसलेला शिलारस वरचे थर उचलतो. तेथेच थिजून बनलेल्या त्या अंतर्वेशी (आत घुसलेल्या) खडकाला लॅकोलिथ म्हणतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातील हेन्री पर्वतांच्या अभ्यासातून भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ साली ही प्रक्रिया मांडली.

प्रश्न : मॉरिटानियातील रिशाटची वर्तुळे अशनीच्या आघाताने झाली का?

उत्तर : पूर्वी तसे मानले जाई. सुमारे ४० किलोमीटर व्यासाची ही रचना म्हणजे खालून आलेल्या शिलारसामुळे उचलला गेलेला आणि नंतर झिजलेला घुमट आहे. आघाताचे खात्रीलायक पुरावे तेथे मिळालेले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडेफोर्टचा घुमट मात्र सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वीच्या आघातानंतर विवराचा मध्यभाग उसळून वर आल्याने बनला. आकारावरून कारण ठरवता येत नाही, म्हणूनच यूटातील ‘अपहीव्हल डोम’ मिठाचा की आघाताचा, हा वाद दीर्घकाळ चालला. २००८ साली तेथे आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झचे कण सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा पारडे आघाताकडे झुकले.