फलक भिंतीकडे तोंड करून उभा होता: कौन्सिलच्या पार्किंग दंडाविरुद्ध दाद मागताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्लंडमधल्या एका गावात रस्त्याकडेच्या पांढऱ्या चौकटीत तुम्ही गाडी उभी केली, तासाभराने परतलात तेव्हा काचेवर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्राधिकरणाची, नोटीस चिकटवलेली होती, ती जागा फक्त परवानाधारक रहिवाशांसाठी राखीव असल्याचा फलक झाडाच्या फांद्यांत दडलेला होता, आणि चौदा दिवसांत भरला तर दंड निम्मा होत असल्यामुळे मुकाट्याने पैसे भरून मोकळे व्हावे की दाद मागावी, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी वकील नाही. परंतु अकरा वर्षे इथे गाडी चालवताना अशा दोन नोटिशींविरुद्ध मी शेवटपर्यंत गेलो, त्यांतली पहिली हरलो आणि दुसरी जिंकलो, आणि दोन्हींत मी फलकाचाच मुद्दा मांडला होता.

सर्वप्रथम हातातला कागद नीट वाचा. ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ असे लिहिलेले असेल आणि खाली कौन्सिलचे नाव असेल, तरच पुढचे सर्व तुम्हाला लागू पडते. सुपरमार्केटच्या किंवा खासगी वाहनतळाच्या कंपन्या ‘पार्किंग चार्ज नोटीस’ देतात. तिची इंग्रजी आद्याक्षरेही तीच होतात, कागदही मुद्दाम सरकारी वाटेल असा छापलेला असतो, मात्र तो कायद्याने निराळा प्रकार आहे आणि त्याची दादही निराळ्या ठिकाणी मागावी लागते. तुमच्या वर्णनावरून तुमची नोटीस कौन्सिलचीच दिसते.

आता हरलेले प्रकरण. एका गावाच्या मध्यभागी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी एकेरी पिवळ्या रेघेवर गाडी लावली होती. दुहेरी पिवळी रेघ म्हणजे कोणत्याही वेळी गाडी उभी करून ठेवण्यास मनाई आणि तिला वेळेच्या पाटीची गरज नसते, एकेरी रेघेजवळ मात्र बंदीच्या वेळा सांगणारी लहान पिवळी पाटी असते, एवढे मला ठाऊक होते. मी दोन्ही दिशांना बरेच अंतर चालून पाहिले, पाटी कुठेही आढळली नाही, आणि पाटी नाही त्या अर्थी बंदी नाही, असा सोयीचा निष्कर्ष काढून मी निघून गेलो. पुढे ट्रायब्युनलच्या, म्हणजे अशा दंडांविरुद्धची अपिले ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाच्या, निर्णयात माझा मुद्दा तीन ओळींत निकालात निघाला. तो सर्व भाग ‘कंट्रोल्ड पार्किंग झोन’ होता, झोनमध्ये शिरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी वेळा लिहिलेला मोठा फलक होता, आणि झोनच्याच वेळा लागू असतील तर आतल्या प्रत्येक एकेरी रेघेपाशी स्वतंत्र पाटी लावण्याचे बंधन कौन्सिलवर नसते. त्या फलकाशेजारून मी गाडी चालवत गेलो होतो. तो मला दिसला नव्हता हे खरे होते, परंतु तो तिथे होता, सरळ होता आणि वाचता येत होता, हेही खरे होते, आणि निर्णायक ठरले ते हे दुसरे.

‘मला दिसला नाही’ आणि ‘दिसण्यासारखा नव्हता’ या दोन वाक्यांतला फरक तुमच्या संपूर्ण पत्रात सांभाळायचा आहे. पहिले वाक्य तुमच्याविषयी आहे आणि त्याला कौन्सिलचे उत्तर तयारच असते, की गाडी सोडून जाण्यापूर्वी फलक शोधून वाचणे ही चालकाची जबाबदारी आहे. हे उत्तर चुकीचेही नाही. दुसरे वाक्य कौन्सिलच्या कर्तव्याविषयी आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या वाहतूक आदेशांच्या कार्यपद्धतीसंबंधी १९९६ चे नियम आहेत. त्यांतील नियम १८ प्रमाणे आदेशाची पुरेशी माहिती रस्ता वापरणाऱ्यांना मिळेल अशा रीतीने फलक लावणे आणि लावल्यानंतर ते सुस्थितीत राखणे, या दोन्ही गोष्टी कौन्सिलवर बंधनकारक आहेत. तुमच्या बाबतीत या नियमाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. फलक लावला तेव्हा झाड लहान असेल, आता फांद्यांनी तो झाकला असेल, तर त्या फांद्या वेळेवर छाटून घेणे हे राखण्यातच येते. जेम्स विरुद्ध केव्ही या १९६७ च्या खटल्यात, पुरेशी माहिती मिळेल अशी व्यवस्था प्राधिकरणाने केलेली नव्हती म्हणून चालकाची शिक्षा रद्द झाली होती, आणि ट्रायब्युनलच्या निर्णयांत त्याचा दाखला आजही दिला जातो.

या तत्त्वाला मर्यादाही आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे अनेक जण हातचे प्रकरण घालवतात. संडरलंडमधील एका झोनविषयी, हेरन यांच्या प्रकरणात, कोर्ट ऑफ अपीलने २०११ मध्ये असे ठरवले, की रेघा आणि खुणा यांतल्या किरकोळ त्रुटींमुळे निर्बंध रद्दबातल होत नाहीत. ऑक्सफर्डशायर कौन्सिलच्या बस लेनसंबंधीच्या २०१० च्या निकालातून निघणारा अर्थ असा, की विहित नमुन्याचा फलक योग्य जागी असेल, तर ‘याहून ठळक लावता आला असता’ एवढे म्हणून भागत नाही. तेव्हा फूटपट्टी घेऊन रेघेची रुंदी मोजत बसू नका. मोजणारे लोक आहेत, आणि त्यांचा उत्साह कौतुकास्पद असला तरी त्यांची पत्रे क्वचितच कामी येतात.

जिंकलेले प्रकरण तुमच्या प्रकरणाच्या बरेच जवळ आहे. आई-बाबा सांगलीहून आले होते आणि त्यांना समुद्र दाखवायला मी एका किनाऱ्यावरच्या गावात घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या एका बाजूला गाड्यांसाठी सलग पांढऱ्या चौकटी होत्या. त्यांतल्या अर्ध्या दोन तासांच्या मोफत थांब्यासाठी आणि पुढच्या अर्ध्या परवानाधारकांसाठी होत्या, आणि दोहोंमधली आडवी रेघ झिजून जवळजवळ नाहीशी झाली होती. माझ्या गाडीच्या मागे पंधरा पावलांवर दोन तासांचा फलक स्वच्छ दिसत होता, तो वाचून मी घड्याळ पाहिले. पुढे एक खांब होता आणि त्यावर करड्या रंगाची पाटी दिसत होती, पण ती पाटीची मागची बाजू होती. बहुधा एखाद्या लॉरीचा धक्का लागून ती अर्धा वेढा फिरली होती. परतल्यावर नोटीस पाहून बाबा खांबापाशी गेले, भिंत आणि खांब यांच्या फटीत मान घालून त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “हा बोर्ड काय भिंतीला वाचायला लावलाय होय रे?” सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ फलक वाचून पुण्यात गाडी लावणाऱ्या माणसाला फलकांचे कोडे नवे नसते, पण तिथे निदान फलक रस्त्याकडे पाहत असतो.

मी तिथेच छायाचित्रे काढली, आणि कोणती काढली ते सांगतो, कारण पुढे सर्व त्यांच्यावरच उभे राहिले. नुसत्या फलकाचे जवळून घेतलेले छायाचित्र जवळजवळ निरुपयोगी असते. गाडी आणि खांब एकाच चौकटीत येतील असे एक, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून ज्या दिशेने गाडी आली त्या दिशेचे दुसरे, उलट दिशेचे तिसरे, आणि गाडीपासून खांबापर्यंत चालत जातानाचा एक अखंड व्हिडिओ, असे ते होते. तुम्ही त्या दिवशी ती काढली नसतील तर आता काढा. उशिराची छायाचित्रेही चालतात, फक्त ती कोणत्या तारखेची आहेत ते पत्रात प्रामाणिकपणे लिहा.

कौन्सिलने माझे पहिले पत्र फेटाळले आणि सोबत वॉर्डनने, म्हणजे नोटीस लावणाऱ्या कर्मचाऱ्याने, काढलेले फलकाचे छायाचित्र जोडले: अक्षरे ठळक, पाटी स्वच्छ, नाकारायला जागाच नाही. दोन दिवस मी निराश होतो. मग ते छायाचित्र मोठे करून पाहताना लक्षात आले, की पाटीच्या मागे रस्ता दिसतो आहे, आणि त्या रस्त्यावर माझीच निळी गाडी उभी आहे. पाटी रस्त्याकडे तोंड करून असती, तर छायाचित्रात तिच्यामागे भिंत दिसायला हवी होती. वॉर्डनला तिचा मजकूर टिपण्यासाठी भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागले होते. ट्रायब्युनलची सुनावणी फोनवर झाली, वीसेक मिनिटांत संपली, आणि छायाचित्र कोठे उभे राहून घेतले या प्रश्नाला कौन्सिलच्या प्रतिनिधीकडे उत्तर नव्हते. म्हणून माझा आग्रह आहे, की नोटिशीवरचा क्रमांक टाकून कौन्सिलच्या संकेतस्थळावरील वॉर्डनची सर्व छायाचित्रे आधी पाहा. तुमच्या बाबतीत तर झाडाचा ऋतूही तपासा. कौन्सिलने निष्पर्ण झाडामागचा स्पष्ट फलक दाखवला आणि तुमची नोटीस भर उन्हाळ्यातली असली, तर ते छायाचित्र तुमच्याच बाजूने बोलते. गूगल स्ट्रीट व्ह्यूवरील जुन्या चित्रांवर महिना आणि वर्ष असते. तोच फलक आधीच्या उन्हाळ्यांतही झाकलेला दिसला, तर दुरवस्था जुनी असल्याचे दाखवता येते. याखेरीज माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली त्या फलकाच्या देखभालीची नोंद आणि त्या रस्त्यावर रद्द झालेल्या नोटिशींची संख्या मागता येते, मात्र उत्तराला कामाचे वीस दिवस लागू शकतात, म्हणून तो अर्ज आजच करा.

पैशांचा हिशेब असा आहे. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये अशा उल्लंघनाचा दंड बहुतेक ठिकाणी ७० पौंड आणि चौदा दिवसांत भरल्यास ३५ पौंड असतो. लंडनमध्ये तो बराच जास्त आहे. चौदा दिवसांच्या आत अनौपचारिक हरकत पाठवली आणि ती फेटाळली गेली, तर सवलतीची मुदत बहुतेक कौन्सिली पुन्हा देतात. सरकारी मार्गदर्शक सूचनाही तशीच आहे. म्हणजे पहिले पत्र लिहिण्यात तुमचे सहसा काहीच जात नाही. पणाला लागतात ते त्यानंतरचे ३५ पौंड, कारण पुढे गेल्यास सवलत सुटते. ट्रायब्युनलला शुल्क नाही, आणि दावा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेला नसेल तर हरल्यावरही समोरच्याचा खर्च अंगावर येत नाही. एक खबरदारी मात्र घ्या: पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटते, आधी भरून नंतर भांडता येत नाही.

अनौपचारिक हरकत फेटाळली गेली आणि तुम्ही पैसे भरले नाहीत, तर गाडीच्या नोंदणीकृत धारकाच्या नावे ‘नोटीस टू ओनर’ येते आणि औपचारिक निवेदनासाठी २८ दिवस मिळतात. या अर्जात कारणांची यादी असते आणि इथेच पुष्कळ जण घसरतात. फलक अस्पष्ट होता हे ‘विशेष परिस्थिती’ या कारणाखाली लिहिले, तर तुम्ही चूक मान्य करून दयेची याचना करता असा त्याचा अर्थ होतो. तुमचे कारण ‘कथित उल्लंघन घडलेच नाही’ हे आहे, कारण ज्या निर्बंधाची पुरेशी माहिती दिलेली नाही तो तुमच्यावर लागू करता येत नाही. कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिले नाही तर निवेदन मान्य झाल्याचे धरले जाते. नकार आला तर पुन्हा २८ दिवसांत स्वतंत्र न्यायनिर्णेत्याकडे जाता येते: लंडनबाहेर ‘ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल’, लंडनमध्ये ‘लंडन ट्रायब्युनल्स’. कौन्सिलचा पहिला नकार हा बहुतेकदा साच्यातला मजकूर असतो, तो वाचून खचू नका. न्यायनिर्णेता मात्र तुमची छायाचित्रे खरोखर पाहतो.

पत्र एका पानाचे असू द्या. आपण नोकरीसाठी नवीन आलो आहोत, आजवर एकही दंड झालेला नाही, त्या दिवशी मुलाला ताप होता, हे आपल्याला लिहावेसे वाटते, आणि मीही पहिल्या वेळी दोन पाने भरून लिहिले होते. त्यामुळे फलकाचा मुद्दा तळाशी गाडला जातो. गाडी कुठे होती, फलक कुठे होता, ज्या बाजूने चालक येतो तिथून काय दिसत होते, आणि म्हणून नियम १८ प्रमाणे पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती, एवढे पुरे. वॉर्डनच्या वर्तनाविषयी एक शब्दही नको.

आपल्या लोकांच्या बाबतीत वारंवार घडणारी एक गोष्ट सांगतो. कामानिमित्त आपण घरे बदलत राहतो, पण गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता पहिल्या फ्लॅटचाच राहतो. ‘नोटीस टू ओनर’ त्या पत्त्यावर जाते, मुदत टळते, दंड दीडपट होतो आणि नॉर्दम्प्टनच्या वाहतूक वसुली केंद्रातून आदेश निघून वसुलीदार दारात उभे राहतात, तेव्हाच प्रकार समजतो. नोंदणीवरचा पत्ता आजच तपासा.

आणि छायाचित्रांसाठी या शनिवारची वाट पाहू नका. तुमच्या हरकतीचे पत्र कौन्सिलला पोहोचले, की त्या फांद्या छाटायला माणूस आठवड्याभरात येऊ शकतो. माझ्या निवेदनानंतर ती पाटी रस्त्याकडे वळवून नव्या पट्ट्याने घट्ट आवळली गेली होती.