छोट्या वर्गणीवर गावातली संस्था खरंच तगते का?

तुम्ही विचारलंय, तालुक्यातल्या नव्या संस्थेनं सीएसआरच्या, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीच्या, मागे लागावं की गावात शंभर-दोनशेच्या पावत्या फाडाव्यात? आमच्या गावच्या रुग्णसाहित्य केंद्राचा जमाखर्च मी नऊ वर्षं लिहितोय. माझं मत पावतीपुस्तकाला.

एक तर सीएसआर लगेच मिळतच नाही. आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलतीसाठी), सरकारकडे सीएसआर-१ची (कंपन्यांचा निधी घेण्यासाठी) अशा नोंदण्या आणि वर तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. ती तीन वर्षं गावच काढून देतं.

पुढे आम्हाला एका कंपनीनं दहा व्हीलचेअर दिल्या. चांगल्या होत्या. पण दीड वर्षात टायर गेले, ब्रेक सैल झाले. दुरुस्ती, खोलीचं भाडं, संध्याकाळी चार ते सात बसणाऱ्या ताईंचं मानधन, यातलं काहीच प्रस्तावाच्या रकान्यात बसत नव्हतं. ते भागतं गावच्या पैशातून, कारण ‘अमुकच कामाला वापरा’ अशी अट त्यावर नसते.

वॉकर, कमोडची खुर्ची नेताना आम्ही अनामत घेतो. माणूस बरा झाला, किंवा गेला, की घरचे वस्तू धुऊनपुसून परत आणतात आणि बरेचजण म्हणतात, “अनामत राहू द्या, पावती करा.” एक काका आईच्या तिथीला दरवर्षी पाचशे रुपये आणून देतात. कालनिर्णयवर ती तिथी आता आम्हीच खूण करून ठेवतो! हेच काका नंतर विचारतात, “गेल्या वर्षीचा हिशेब कुठाय?” पूर्वी आमची वार्षिक सभा गणसंख्येअभावी तहकूब करून अर्ध्या तासानं तिथेच भरवायचो. आता तीसेक जण येतात, खर्चाच्या ओळीवर बोट ठेवतात. मला घाम फुटतो, पण वह्या नीट राहतात. अशाच एका सभेत टायरचा खर्च निघाला, तेव्हा सायकलवाला म्हणाला, “उद्या पाठवा माझ्याकडे.” मजुरी घेतली नाही त्यानं.

यात नवं काही नाही म्हणा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांसाठी बायका घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या. मुष्टिफंड म्हणत त्याला.

त्रासही आहे. दोन हजार देणाऱ्याला वॉकरवर आजोबांचं नाव हवं असतं. निवडणूक आली की एखाद्याला केंद्रावर स्वतःचा फलक लावायचा असतो. आणि रुग्णवाहिका काही वर्गणीतून येत नाही. तिच्यासाठी सीएसआरचा अर्ज जरूर करा.

सुरुवात करताना दहा रुपयांचीही पावती द्या. ८०जी मिळाली की देणगीदारांना आधीच सांगा, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर करसवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर तशीही नाही. आम्ही पहिल्या वर्षी हे सांगितलं नव्हतं; मार्चअखेर तीन जण पावत्या घेऊन भांडायला आले होते.